खांद्यावरची बोटं

माझ्या दुकानाच्या पाटीवर लिहिलंय:
लग्न, मुंज, पासपोर्ट.
चौथं काम लिहीत नाही.
ते लोक आपणहून घेऊन येतात,
बहुतेक दहाव्याच्या आधी, घाईत,
एखादा ग्रुप फोटो, कोपरा दुमडलेला,
आणि बोट ठेवून सांगतात,
एवढंच माणूस ठेवा. बाकीचे काढा.

मी काढतो.
सुना काढतो, नातवंडं काढतो,
मागचे माड, दोरीवरचा टॉवेल,
आणि उरलेल्या जागी निळा रंग भरतो
ज्याला आमच्या धंद्यात आकाश म्हणतात.
फ्रेमसकट साडेतीनशे.

काल तारामुंबरीला गेलो.
भिकाजी कोयंड्यांकडे मे महिन्याची सगळी मंडळी जमलेली,
मुंबईची, पनवेलची, एक वापीची.
अंगणातलं जाळं कुणीतरी ओढून कडेला टाकलं,
सुकत घातलेल्या सुंगटांवर जुनी साडी पांघरली.
खुर्च्या मंडळाच्या,
पाठीवर मंडळाचं नाव, स्थापना एकोणीसशे ब्याऐंशी.

सत्यवतीआजीने मला तुळशीपाशी बोलावून घेतलं.
“माझो एकटेचो एक काढून ठेव.
हसरो नको.
मगे पोरांची धावपळ नको.”
मी म्हटलं, कार्ड भरलं, आजी.
कार्डात चारशे फोटोंची जागा होती.

मग बसवायला लागलो.
भिकाजी खुर्चीतही होडीत बसल्यासारखे,
पाय फाकवून, अंगठे मातीत रोवून,
न जाणो, खुर्ची कलंडली तर.
खाडीतून इंजिनाचा आवाज आला की मान तिकडे.
“दाम्याची. आज लवकर इली.”
सात फोटोंत त्यांचा एकच कान आलाय.

दुर्वाला म्हटलं, आजोबांच्या खांद्यावर हात ठेव.
वर नको, नीट, बोटं पुढे येऊ देत.
विघ्नेशला आजीच्या मागे उभं केलं.
साईलला दोघांच्या मध्ये घुसवला, गुडघ्यांना टेकून.
आणि वापीची ती तान्ही,
जिचं बारसं अजून व्हायचंय,
तिला आडवी ठेवली,
डोकं आजीच्या मांडीवर, पाय आजोबांच्या.
तिचा बाप म्हणाला, अशी कशाला, उभी धरा की.
मी म्हटलं, उजेड तसाच आहे.

“हात काढ गो, खांदो दुखता,” भिकाजी म्हणाले.
दुर्वाने काढला.
पन्नास वर्षं ज्या खांद्याने रापण ओढली
त्याला चौथीतल्या पोरीचा पंजा जड.
मी कॅमेऱ्यात काहीतरी बघितल्यासारखं केलं.
जरा वेळाने तेच म्हणाले,
“ठेव, ठेव. हलको ठेव.”

आता सांगतो.
एक दिवस दुर्वाचाच बाप येईल हा फोटो घेऊन,
एवढेच आबा ठेवा म्हणेल.
मी बसेन, एकेकाला पुसत जाईन,
साईलचे केस, तान्हीची टाच, आजीचा दंड.
पण त्या चार बोटांखाली
(नखांना गुलाबी रंग, निम्मा उडालेला)
फोटोत सदराच नाही.
सदरा मला बनवता येतो, तेवढं शिकलोय.
मी म्हणेन, हे निघणार नाही हो, खराब होईल.
त्यावर कुणी फारसा हट्ट धरत नाही.

आमच्या भागातल्या भिंती बघा कधी.
हार, उदबत्तीची राख, मागे निळं आकाश,
आणि खांद्यावर कुठूनशी आलेली
लहान, जिवंत बोटं.

माझ्या आईच्या फोटोत नाहीत.
तो रेशन कार्डासाठी काढलेला.

निघताना सत्यवतीआजीने पिशवीत आठ बांगडे घातले,
पैसे वेगळे.
फाटकापर्यंत आली, हळूच म्हणाली,
“एकटेचो काढूक ये हां मगे,
ह्ये सगळे गेले काय.”
येतो म्हटलं.

घरी येऊन पाहिलं,
कार्ड अजून भरलेलंच आहे.